"मॅम, आय अ‍ॅम नॉट लिसनिंग यू" म्हटलं आणि इंटरव्ह्यू संपला. हिअर आणि लिसनचं नेमकं काय आहे?

गंगावेसकर

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या. परवा पुण्याच्या एका कंपनीचा फोनवरचा इंटरव्ह्यू होता, वेळ दिलेली पाचची आणि त्यांनी फोन केला साडेचारला. मी रंकाळ्यावर. उचलला नाही तर गेला चान्स म्हणून तिथंच कठड्याला टेकून उचलला. वारं असलं सुटलेलं की काय सांगू, शेजारी भेळेची गाडी, मागं कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकलेला, पलीकडच्या मॅडम काय विचारतायत एक शब्द कळेना. मी आपलं आदबीनं म्हटलं, "सॉरी मॅम, आय अ‍ॅम नॉट लिसनिंग यू." पलीकडं दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, "देन प्लीज लिसन." परत काहीतरी विचारलं, परत वारं, मी परत तेच. तिसऱ्यांदा मला वाटलं आपला आवाज पोचत नसेल म्हणून ओरडूनच सांगितलं, "मॅम, आय अ‍ॅम नॉट लिसनिंग!" फोन कट. संध्याकाळी मेल, धन्यवाद वगैरे.

रूममेट म्हणतो की तिथं हिअर पाहिजे होतं. पण शाळेत तर दोन्हीचा अर्थ ऐकणे असाच लिहून घेतलाय. आपलं एका शब्दात भागतं मग ह्यांना दोन कशाला लागतात? आणि लिसनमध्ये तो टी काय करतोय, बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? कुणाला ह्या शब्दांचं मागचं-पुढचं माहीत असेल तर सांगा, पुढचा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे.

खडू_डस्टर

हसले, मग वाईट वाटलं. अरे, चूक तुझी एकट्याची नाही, आम्हा शिक्षकांची पण आहे, आम्ही फळ्यावर हिअर म्हणजे ऐकणे, लिसन म्हणजे ऐकणे असं लिहितो आणि पुढच्या शब्दाला लागतो.

पण मराठीत एकच शब्द आहे हे कुणी सांगितलं तुला? त्याच मॅडम मराठीत बोलत असत्या तर तू "मॅडम, मी ऐकत नाही" असं म्हणाला असतास का? जन्मात नाही. "ऐकू येत नाही" म्हणाला असतास, घरी असतास तर "ऐकाय येईना". तो झाला हिअर. कानावर आपोआप पडतं, त्यात तुझं काही कर्तृत्व नाही, म्हणून तर आपण तिथं "मी" लावत नाही, "मला" लावतो. मला ऐकू येतंय, मला दिसतंय, मला थंडी वाजतेय. आणि "मी ऐकतोय", आपल्याकडचं "ऐकालोय", म्हणजे कान लावून बसलोय, तो लिसन. दिसणं आणि बघणं ह्यांची जोडी पण तशीच. घोळ कुठं होतो तर इंग्रजीत दोन्हीकडं आयच येतो, आपला मी-मलाचा आधार निघून जातो आणि सगळा भार त्या एका क्रियापदावर पडतो. तू जे म्हणालास त्याचा सरळ अर्थ "मॅडम, माझं तुमच्याकडं लक्ष नाही" असा होतो, आणि ते तू तीनदा सांगितलंस, शेवटी ओरडून.

बरोबर वाक्य म्हणजे "आय कान्ट हिअर यू". "नॉट हिअरिंग यू" पण नको, हिअरला ह्या अर्थानं सहसा आयएनजी लावत नाहीत. कोर्टात जज केस हिअर करत असतात तेव्हा चालतं, कारण ते मुद्दाम चाललेलं काम आहे.

मी पाचवीच्या वर्गात एक करते, पोरांना एक मिनिट डोळे मिटायला लावते आणि काय काय ऐकू आलं ते लिहा म्हणते. पंखा, रिक्षा, शिपायाच्या किल्ल्या, शेजारच्या वर्गातले पाढे, असं दहा-बारा गोष्टी निघतात. मग परत डोळे मिटा आणि आता फक्त पाढे ऐका, कितीचा चाललाय सांगा. एक जण म्हणाला, "बाई, एकोणतीसचा, आणि तिथं पाचावर चुकलेत." पहिल्या मिनिटाला हिअर, दुसऱ्या मिनिटाला लिसन, एवढं त्यांना कळतं.

आणि लिसनला टू लागतो, "लिसन टू मी". आपण गाणं ऐकतो, गाण्याकडं ऐकत नाही, म्हणून आपली पोरं टू खातात. लक्ष देणं म्हटलं की मात्र आपण पण "कडं" लावतोच की, तसं धर म्हणजे विसरणार नाहीस. तुला मनाला लावून घ्यायचं कारण नाही, शेक्सपिअरच्या काळात इंग्रज पण टू न लावता लिसन वापरायचे. पण तो शेक्सपिअर, त्याला इंटरव्ह्यू द्यायचा नव्हता.

तांबडा_जास्त_पांढरा_कमी

नाद खुळा भावा. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलंस हे वाचून चहा नाकात गेला.

जुन्या_राजवाड्यामागं

व्याकरण मॅडमनी सांगितलंच आहे, मी जरा शब्दांच्या घराण्याचं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लिसनचं रूप ह्लिस्नन असं काहीतरी होतं, सुरुवातीला चांगला खणखणीत ह. त्याच्या शेजारीच ह्लिस्टन असा एक चुलतभाऊ, त्याचंच पुढं लिस्ट झालं आणि त्याचाही अर्थ कान देणे, यादीवाल्या लिस्टशी त्याचा संबंध नाही. तर तुझ्या प्रश्नातला टी मूळचा लिसनचा नव्हेच, तो ह्या लिस्टच्या संगतीनं आत शिरला. पुढं तोंडातनं गेला, कॅसल आणि व्हिसलमधला गेला तसाच, पण स्पेलिंगमधनं त्याला कुणी हाकलला नाही. लिस्ट बिचारा स्वतः मात्र मेला, आता जुन्या कवितेतच सापडतो.

आता त्या ह ची गोष्ट. इंग्रजी आणि संस्कृत शब्द शेजारी ठेवले तर बऱ्याच ठिकाणी आपल्या श च्या जागी त्यांचा ह दिसतो. शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड, शृंग आणि हॉर्न. तसाच आपला श्रु आणि त्यांचा ह्लु. श्रवण, श्रोता, श्रुती ज्या धातूतनं आले त्याच मुळातनं लिसन आलाय. आणि लाऊड सुद्धा! लाऊडचं जुनं रूप ह्लूड, ते म्हणजे आपलं श्रुत, "ऐकू आलेलं". गणपतीत डॉल्बीवाल्याला आवाज कमी कर म्हणायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, लाऊड आणि श्रुती एकाच घरातल्या आहेत. ग्रीकमध्ये ह्याच मुळापासनं क्लेओस, म्हणजे कीर्ती, लोकांच्या तोंडून जिचं ऐकू येतं ती. आपण विश्रुत म्हणजे प्रसिद्ध म्हणतो तोच विचार.

हिअर मात्र ह्या घराण्यातला नाही, त्याची भावकी वेगळी. जर्मनचं होरेन त्याचं सख्खं.

तांबडा_जास्त_पांढरा_कमी

म्हणजे आमचे मामा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात ते बरोबरच की, इंग्रजी संस्कृतातनं आली.

जुन्या_राजवाड्यामागं

मामांना नमस्कार सांगा, पण नाही. चुलत नातं आहे, लेक नव्हे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्यांच्यात एवढं साम्य आहे की ह्या सगळ्या एका कुठल्यातरी मुळातनं आल्या असणार आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नसेल, हे विल्यम जोन्सनं 1786 साली कलकत्त्यात भाषणात सांगितलं. श-ह सारख्या बदलांमागं जर्मॅनिक भाषांचा जो नियम आहे तो याकोब ग्रिमनं 1822 मध्ये नीट मांडला, हा ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला. श्रु आणि ह्लु दोन्ही त्या हरवलेल्या आजीची नातवंडं, कुणी कुणाच्या पोटचं नाही. लिसन हा शब्द संस्कृतातनं उचलला असता तर त्यात ह कशाला आला असता, श किंवा स दिसला नसता का?

वळचण

मी तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, आता निवृत्त. वरचं वाचून एक गोष्ट डोक्यात आली म्हणून लिहितोय. इंग्रजीत हिअरिंग आणि आपल्याकडं सुनावणी. हा सुनावणीतला सुन हिंदीच्या सुनना मधला, आणि सुनना आला श्रु वरनं. म्हणजे ह्या राजवाड्यामागच्या साहेबांचं खरं धरलं तर आपली सुनावणी लिसनच्या भावकीतली आणि त्यांची हिअरिंग वेगळ्या भावकीतली. आणि खरं सांगायचं तर मी ज्या हॉलमध्ये बसायचो तिथला पंखा असा कडकडायचा की हिअरिंगच्या तारखेला कुणाला काही हिअर व्हायचं नाही, साक्षीदाराला तीनतीनदा विचारायला लागायचं.

पण मला सांगायचंय ते ईव्ह्जड्रॉप ह्या शब्दाचं, चोरून ऐकणे. आमचं गाव गगनबावड्याकडं, पाऊस म्हणजे काय ते तिकडं कळतं. कौलारू घर, जून लागला की वळचणीवरनं पागोळ्या सुरू, त्या सप्टेंबरपर्यंत थांबायच्या नाहीत. जमिनीवर बरोबर रेघ पडायची, पाण्यानं खणलेली, एकसारख्या खळग्यांची, त्या रेघेच्या आत कोरडं आणि बाहेर चिखल. आम्ही पोरं त्या कोरड्या पट्ट्यात भिंतीला पाठ लावून उभी राहायचो आणि आत थोरली माणसं वाटणीचं काय बोलतात ते सगळं ऐकू यायचं. ह्या शब्दाचा अर्थ तोच आहे हो! ईव्ह्ज म्हणजे वळचण आणि ड्रॉप म्हणजे पागोळी. जुन्या इंग्रजीत त्याचा चोरून ऐकण्याशी संबंधच नव्हता, छपराचं पाणी जिथं ठिबकतं ती जागा एवढाच अर्थ. तुमच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या जमिनीत पडायला नकोत म्हणून हद्दीपासनं तेवढी जागा सोडून बांधायचं असा तिकडं रिवाज होता. आपल्याकडं पागोळ्यांच्या पाण्यावरनं भाऊ भावाच्या अंगावर जातो, तिकडं वेगळं काय असणार. मग त्या सोडलेल्या पट्ट्यात उभा राहून जो आतलं ऐकतो तो ईव्ह्जड्रॉपर, आणि त्याच्यावरनं मागाहून क्रियापद झालं.

आणि हा गुन्हा होता बरं का. ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडितानं 1769 च्या खंडात त्याची व्याख्याच दिलीय, जे भिंतीखाली, खिडकीखाली, वळचणीखाली उभे राहून लोकांचं बोलणं ऐकतात आणि त्यावरनं बदनामीच्या कंड्या पिकवतात ते. म्हणजे नुसतं ऐकण्यावर भागत नव्हतं, पुढच्या कंड्या पण त्यात धरलेल्या. इंग्लंडात हा गुन्हा कायद्यानं रद्द झाला तो 1967 साली, त्याच कलमात भांडकुदळ बाई असण्याचा गुन्हा पण रद्द केला. आमच्या गल्लीत दोन्ही कलमं लावायची म्हटली तर कोर्टाला जागा पुरली नसती.

मराठीत आपला कानोसा घेणं ह्याच्या जवळ जातो, पण कानोशात चोरी नसते, घरात कोण आहे का बघायला पण माणूस कानोसा घेतो.

नाईट_ड्युटी

मी सिस्टर आहे, सीपीआर हॉस्पिटलजवळच राहते. स्टेथोस्कोपचं सांगते, ट्रेनिंगला असताना शिकवलेलं. 1816 मध्ये पॅरिसला लेनेक नावाच्या डॉक्टरकडं एक बाई पेशंट आली, त्या काळात डॉक्टर छातीला थेट कान लावून ऐकायचे, ते त्यांना अवघड वाटलं म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली आणि एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, तर ठोके उलट जास्त स्वच्छ ऐकू आले. गंमत म्हणजे स्टेथोस्कोप ह्या नावात ऐकणं कुठंच नाही, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छाती बघणारं असा होतो. त्यानं ऐकायचं जे काम त्याला ऑस्कल्टेशन, आणि हा लॅटिन शब्द फ्रेंचमधनं घासून घासून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा झाला स्काऊट! म्हणजे स्काऊट मूळचा कानानं टेहळणी करणारा. भावाला स्काऊटचा गळपट्टा बांधताना हे कुणी सांगितलं नाही.

संस्था_सचिव

आमचं काम ऑडिटचं, म्हणून मी पण दोन ओळी टाकतो. आम्ही ऑडिटला लेखापरीक्षण म्हणतो पण मूळ लॅटिनचा अर्थ नुसतं ऐकणं आहे. पूर्वी तिकडं कारभारी हिशोब तोंडी वाचून दाखवायचा, जमीनदाराची माणसं समोर बसून ऐकायची, वाचता न येणारे पण असायचे त्यात. ऑडिटर म्हणजे ऐकणारा. ऑडियन्स, ऑडिशन, ऑडिओ सगळी त्याचीच पोरं.

आता आमच्या दूध संस्थेची वार्षिक सभा डोळ्यापुढं आणा. मी अहवाल वाचायला उभा राहतो, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त" एवढं म्हणतो न म्हणतो तोवर मागनं "मंजूर, मंजूर!" आणि पलीकडच्या पार्टीकडनं "नामंजूर!" सात विषय अकरा मिनिटांत संपतात. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, पण कागदावर "अहवाल वाचून दाखविला" असं असतं. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये "हिअर, हिअर" ओरडतात ते पण मूळचं "हिअर हिम", ह्यांचं ऐका, असं होतं. त्यांनी निदान ऐका म्हणून ओरडायला सुरुवात केली, आमच्यात ऐकायच्या आधीच मंजूर.

खडू_डस्टर

सचिवसाहेब, लॅटिनचं निघालंच आहे तर ओबे पण त्याच ऐकण्यातनं आलाय. लॅटिनमध्ये ओब लावून ऐकणे, म्हणजे सांगितलेलं मानणे. आपण तर त्यासाठी वेगळा शब्द पण केला नाही, "पोरगं ऐकत नाही" म्हणजे त्याचे कान तपासायला कुणी नेत नाही. आणि सिस्टर, तुमच्यासाठी एक, शुश्रूषा हा शब्द पण श्रु वरनंच, मूळ अर्थ ऐकायची इच्छा. गुरूचं ऐकायची इच्छा, मग गुरूची सेवा, मग आजाऱ्याची सेवा.

ओव्हरहिअरचं राहिलं. आता त्याचा अर्थ दुसऱ्याचं बोलणं सहज कानावर पडणं. वळचणीत मुद्दाम उभं राहिलात तर ईव्ह्जड्रॉप, एसटीत मागच्या सीटवरचं कानावर आलं तर ओव्हरहिअर. पण जुन्या इंग्रजीत ह्याच शब्दाचा अर्थ न ऐकणं, न जुमानणं असाही होता. आपला कानाडोळा.

गंगावेसकर

बापरे, एका फोनवरनं कुठपर्यंत गेलं. सगळ्यांचे आभार, वळचणवाल्या काकांचं तर मी आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली आमच्या वाड्यात पागोळ्यांखाली उभी राहून तुझी आत्या हेच करायची. एक शंका, हिअरमध्ये इअर आहे म्हणजे कान आहे ना? ह लावला की झालं ऐकणं?

जुन्या_राजवाड्यामागं

दिसायला तसं दिसतं, पण जुन्या रूपात बघितलं तर ते दोन वेगळे शब्द आहेत, असा ह चिकटवून शब्द होत नाहीत. तरी तुझा अंदाज अगदीच वाया नाही. हिअर आणि ग्रीकचं अकूएइन, ज्याच्यावरनं अकूस्टिक्स आलं, ही एकाच मुळाची मानतात, आणि काही अभ्यासक म्हणतात की त्या मुळात तीक्ष्ण आणि कान असे दोन तुकडे असावेत. तीक्ष्ण कान असणे! आपण कान टवकारणे म्हणतो तसंच काहीतरी. पक्कं म्हणून धरू नकोस, पण मला पटतं.

अकूस्टिक्सवरनं आठवलं, पॅलेस थिएटर म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 चं. त्या काळात माईक कुठला. नटानं नुसत्या गळ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं आणि शेवटच्या रांगेनं पण श्वास धरून ऐकायचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्या रात्री निम्मं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं. माझे आजोबा तिथं ऐकलेल्या पदांबद्दल बोलताना कधी "मला ऐकू आलं" म्हणायचे नाहीत.

तांबडा_जास्त_पांढरा_कमी

मामांना सांगितलं चुलत नातं आहे म्हणून. त्यांनी ऐकलं, पण ऐकलं नाही.

गंगावेसकर

बघा, हे इंग्रजीत सांगायचं तर दोन क्रियापदं लागतील.

खडू_डस्टर

शहाणा झालास. आता गुरुवारी रंकाळ्यावर जाऊ नकोस, घरात बस, खिडकी लाव, आजीला सांग कुकर नंतर लाव म्हणावं. आणि तरी रेंज गेलीच तर काय म्हणशील ते लिहून दाखव इथं.

गंगावेसकर

सॉरी मॅम, आय कान्ट हिअर यू. कुड यू प्लीज रिपीट?

खडू_डस्टर

बरोबर. आता दहा वेळा मोठ्यानं म्हण.

वळचण

आणि म्हणताना दार लावून घे. आत्या असेल बाहेर.